दोन रंगांची नक्षी विणायचीय? आधी टाके ठरवा, नक्षी नंतर

परभणीत डिसेंबरात पारा एक आकडी झाला की आमच्या गल्लीत घराघरातून लोकर बाहेर निघते, आणि दोन-तीन वर्षं झाली, मला एकच प्रश्न सारखा विचारला जायलाय, की ताई, ते स्वेटरवर गोल फिरणारे नक्षीचे पट्टे असतात ना, एका पट्ट्यात फुली, दुसऱ्यात चांदणी, तिसऱ्यात करवतीचे दात, ते कसे विणायचे, आणि याच्यातला एक पट्टा अन् त्याच्यातला एक असं जोडून आपलं आपण डिझाईन कसं करायचं. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा इथं एकदा नीट लिहिते. तुम्हाला टाके घालता येत असतील, सुलट आणि उलट टाका येत असेल आणि टाके बंद करता येत असतील तर एवढं पुरे. तेही येत नसेल तर आधी एक साधा मफलर विणा, हात बसू द्या, मग इकडं या.

सगळ्यात आधी कापडाची मागची बाजू समजून घ्या, कारण या कामात सगळा खेळ मागं चालतो. आपल्याकडं मराठवाड्यात हे समजायला लांब जायची गरजच नाही. पैठणीचा पदर उलटा करून बघा, मोर पुढून जसा तसाच मागूनही दिसतो, कारण तिथं प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते, तो रंग आपल्या जागेपुरता विणला जातो आणि शेजारच्या रंगात अडकवून परत फिरतो. आता घरात जुनी औरंगाबादी हिमरू शाल असेल तर ती उलटी करा. मागं सगळे सुटे धागे दिसतील, लांबच्या लांब. नक्षीचा धागा जिथं पुढं लागत नाही तिथं तो मागून मोकळा जातो, लागला की पुन्हा वर येतो. लोकरीत पण हेच दोन प्रकार आहेत बरं का. एकच मोठा मोर किंवा मुलाच्या स्वेटरवर एकच ट्रक काढायचा तर पैठणीसारखं, प्रत्येक रंगाचा छोटा गुंडा वेगळा. आणि सगळीकडून फिरणारी छोटी-छोटी नक्षी असेल तर हिमरूसारखं, दोन्ही धागे ओळभर सोबत, एक पुढं तर दुसरा मागं. आपल्याला आज हे हिमरूवालं शिकायचंय. नवीन माणसं पहिल्याच झटक्यात मोर घेऊन बसतात आणि दहा गुंड्यांच्या गुंत्यात अडकून सोडून देतात, तसं करू नका, मोर नंतर.

हा प्रकार जगात सगळ्यात जास्त गाजला तो स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत तिथला, त्यांच्यातल्याच फेअर आइल नावाच्या छोट्या बेटावरून त्याला फेअर आइल म्हणतात. तिथले स्वेटर बघितले तर वाटतं एका ओळीत आठ-दहा रंग असतील, पण नाही, पूर्ण स्वेटरमध्ये रंग कितीही असू देत, एका ओळीत फक्त दोनच. हे एकदा कळलं की अर्धी भीती जाते. नॉर्वेत पण असंच काम होतं, तिथली सेल्बू गावची आठ पाकळ्यांची चांदणी प्रसिद्ध आहे. ती बघितली की मला आपली ठिपक्यांची रांगोळीच आठवते, कारण दोन्ही शेवटी मोजण्याचीच कला.

आता सामान. लोकर मध्यम जाडीची घ्या, लेबलवर ४ मिलिमीटरची सुई लिहिलेली असेल अशी. आपल्याकडं दुकानात लोकर म्हणून जे मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं, शिकायला काहीच हरकत नाही, स्वस्त पडतं, धुवायला सोपं. फक्त ते गुळगुळीत असतं, खऱ्या लोकरीला जे बारीक केस असतात त्यांनी टाके एकमेकांना धरून राहतात, तसं ॲक्रिलिकचं होत नाही, म्हणून हात जरा सांभाळून चालवायचा. तळाच्या रंगाची १०० ग्रॅम आणि नक्षीच्या रंगाची ५० ग्रॅम घेतली तर आजच्या कामाला भरपूर झाली. एका रंगाचे सगळे गुंडे एकदमच घ्या आणि लेबलवरचा डाय लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर, सारखा आहे का ते बघा, नंतर आणलेला गुंडा शेडमध्ये एवढासा जरी वेगळा निघाला तरी पट्टा पडलेला दिसतो.

सुई ८ नंबरची, गोल, म्हणजे दोन टोकं मध्ये वायरने जोडलेली, ४० सेंटीमीटर लांबीची. गावात नाही मिळाली तर ऑनलाईन मिळते. सुयांच्या नंबरचा एक घोळ इथंच सांगून ठेवते. आपल्याकडं ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर आणि १० नंबर म्हणजे सव्वातीन, नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन पॅटर्नमध्ये बरोबर उलटं, तिथं नंबर वाढला की सुई जाड, त्यांची ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. त्यामुळं नंबर बघूच नका, मिलिमीटर बघा.

गोल सुई का, तर गोल विणताना कापडाची पुढची बाजू कायम आपल्यासमोर राहते, सगळ्या फेऱ्या सुलट टाक्यांच्याच, नक्षी डोळ्यासमोर उमलताना दिसते. दोन सरळ सुयांवर विणलं तर एक ओळ उलट टाक्यांची येते, तेव्हा नक्षी पलीकडं असते आणि धागे तुमच्याकडं, चार्ट, म्हणजे चौकटींवर काढलेली नक्षी, तो पण त्या ओळीला डावीकडून उजवीकडं वाचावा लागतो. जमतं, पण पहिल्यांदा नको.

चार्ट कसा वाचायचा ते पण सांगते. एक चौकट म्हणजे एक टाका, एक आडवी रांग म्हणजे एक फेरी. वाचायला सुरुवात खालून, उजव्या कोपऱ्यातून, कारण स्वेटर खालून वर वाढतो आणि टाके आपण उजवीकडून डावीकडं विणतो. गोल विणताना प्रत्येक रांग उजवीकडूनच. दुसुतीवर भरतकाम केलेल्यांना चार्ट लगेच कळतो, त्यांना फक्त एवढंच ध्यानात ठेवायचंय की दुसुतीची चौकट चौरस असते, विणलेला टाका तसा नसतो, तो रुंद जास्त आणि उंच कमी असतो. दोन धाग्यांच्या कामात तो बराचसा चौरसाकडं येतो, तरी नक्षी कागदापेक्षा किंचित बसकी येणार हे धरून चाला.

आता खरं काम. शंभरातल्या नव्वद जणी आधी नक्षी निवडतात आणि मग टाके किती घालायचे ते बघतात, मी पण तसंच केलं होतं. भाच्याच्या टोपीला १०० टाके घातले, का तर आकडा सोपा, आणि नक्षी घेतली ६ टाक्यांची. सोळा वेळा नक्षी बसली, ९६ झाले, ४ टाके उरले. टोपीच्या मागं एक अर्धवट तुकडा, आणि तो प्रत्येक पट्ट्यात तिथंच. आत्याला दाखवायला सेलूला घेऊन गेले, तिनं टोपी फिरवून फिरवून बघितली आणि एवढंच विचारलं, "बाई, तू ९६ च का घातले नाहीस?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. सगळी उसवली आणि ९६ वर परत विणली.

तर आधी आकडा. प्रत्येक नक्षी किती टाक्यांनी परत येते तो तिचा आकडा असतो, कुणाचा २, कुणाचा ४, ६, ८, १२. तुमचे एकूण टाके या सगळ्यांनी पूर्ण भागले गेले पाहिजेत, मग कुठलाही पट्टा कुठल्याही पट्ट्यावर ठेवा, तो फिरून बरोबर सुरुवातीला येऊन मिळतो. २४ हा आकडा यासाठी सोन्यासारखा आहे, २, ३, ४, ६, ८, १२ सगळे त्यात जातात. म्हणून एकूण टाके २४ च्या पाढ्यातले घ्या, ९६, १२०, १४४, १६८, १९२. पाचाच्या नक्षीला १२० चालतात, नवाच्या किंवा सोळाच्या नक्षीला १४४ चालतात, साताची नक्षी कितीही आवडली तरी तिला यातला फक्त १६८ चालतो, म्हणून सुरुवातीला साताच्या नादी लागू नका.

आता वहीचं काम, आणि हे मला विणण्याइतकंच आवडतं. लहान मुलांची गणिताची चौकटीवाली वही घ्या. तिच्यातून आडव्या पट्ट्या कापा, प्रत्येक पट्टी ३६ चौकटी लांब, वहीचं पान तेवढं नसेल तर दोन तुकडे चिकटवा. एका पट्टीवर एकच नक्षी, शेवटपर्यंत परत-परत काढलेली, आणि कोपऱ्यात तिचा आकडा. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर चिकटवल्या की वर्षानुवर्षं टिकतात. अशा दहा-बारा पट्ट्या झाल्या की त्या पत्त्यांसारख्या समोर मांडायच्या, एकाखाली एक, ही वर, ती खाली, ही काढून टाक, मधे एक कोरी ठेव. एक सुई न उचलता सगळं डिझाईन दिसतं. ३६ चौकटी अशासाठी, की २४ चा एक पूर्ण तुकडा डोळ्यासमोर राहतो आणि वरच्या १२ मुळं पट्टी डावी-उजवीकडं सरकवायला जागा मिळते. सरकवायचं काम किती महत्त्वाचं आहे ते आता सांगते.

तीन नक्षी देते, माझ्या वहीतल्या. 'त' म्हणजे तळाचा रंग, 'न' म्हणजे नक्षीचा रंग. टाके विणायच्या क्रमाने लिहिलेत, ओळ १ सगळ्यात खालची.

फुली, ४ टाके, ३ ओळी:
ओळ १: त न त त
ओळ २: न न न त
ओळ ३: त न त त

करवत, ६ टाके, ३ ओळी:
ओळ १: न न न न न त
ओळ २: त न न न त त
ओळ ३: त त न त त त

कवडी, ६ टाके, ५ ओळी:
ओळ १: त न न न त त
ओळ २: न न त न न त
ओळ ३: न न त न न त
ओळ ४: न न त न न त
ओळ ५: त न न न त त

कवडी माझी सगळ्यात लाडकी आहे. तुळजापूरला भक्तांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते ना, ती बघून चौकटीत बसवलेली. मधली चीर उभी दिसते आणि रंग पटापट बदलतात, मागं लांब धागा कुठंच सुटत नाही, म्हणून नवीन हाताला ही एकदम सोपी जाते.

आता करवतीच्या वर कवडी ठेवा. करवतीचं टोक तिसऱ्या टाक्यावर, मग नवव्या, मग पंधराव्या. कवडीची चीर पण तिसऱ्या, नवव्या, पंधराव्यावर. टोकाच्या बरोबर वर कवडी, डोळ्याला एकदम शांत वाटतं. आता तिथं फुली ठेवा. फुलीचा मध्य दुसऱ्या टाक्यावर, मग ६, १०, १४. कवडीचे सगळे विषम आणि फुलीचे सगळे सम, कितीही फेऱ्या मारा, दोघींचे मध्य एकमेकांवर येणारच नाहीत! आकडा बरोबर भागला जातोय, टाके उरत नाहीत, तरी काहीतरी तिरकं दिसायलंय आणि काय ते कळंना, असं होतं ते यामुळं. उपाय फक्त एवढा, की फुलीची पट्टी एक चौकट सरकवा:

ओळ १: त त न त
ओळ २: त न न न
ओळ ३: त त न त

आता मध्य ३, ७, ११, १५ वर आले. तिसऱ्यावर जुळलं, पंधराव्यावर जुळलं, पुढं दर १२ टाक्यांनी जुळत राहतं, मधल्या फुल्या दोन्ही बाजूंना सारख्या पडतात. पट्ट्या एकत्र करण्याची खरी मेख हीच. आकडा भागला गेला पाहिजे ही पहिली अट, आणि मध्यावर मध्य आला पाहिजे ही दुसरी. दुसरी अट कुणी सांगत नाही, म्हणून मी इतकं पाल्हाळ लावलं.

पट्टे रचताना बाकी काही कडक नियम नाहीत, मी एवढंच बघते की दोन मोठ्या नक्षी एकमेकींना चिकटून नसाव्यात, मधे एक छोटी किंवा दोन कोऱ्या ओळी असाव्यात, पैठणीत काठ आणि बुट्टी यांच्यात साधं कापड असतंच ना, डोळ्याला थांबायला जागा लागते.

रंगाचं एक सांगते, मी फार चुकले होते. भाचीच्या स्वेटरला राणी आणि मोरपंखी घेतला. दुकानात दोन गुंडे शेजारी ठेवले तर काय सुंदर दिसत होते, पैठणीतला जोड म्हणून डोळे झाकून घेतले. विणून झाल्यावर जवळून छान, आणि दहा फुटांवरून नक्षीच दिसेना, सगळं मिळून एक मळकट रंग. कारण रंग वेगळे होते पण दोन्ही सारखेच गडद होते. आता मी काय करते, दुकानातच दोन्ही गुंड्यांचा मोबाईलवर फोटो काढते आणि तो ब्लॅक अँड व्हाईट करते. एक ठळक काळपट आणि दुसरा ठळक पांढरट दिसला तरच घेते, दोन्ही एकाच राखाडीत गेले तर कितीही मन झालं तरी परत ठेवते. पहिल्या कामाला आमसुली आणि हस्तिदंती घ्या, किंवा वांगी आणि हळदी, चुकणार नाही. गडद लाल किंवा आमसुली असेल तर थोडा धागा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा, रंग सुटत असेल तर पांढऱ्यासोबत वापरू नका.

मग नमुना विणायचा. हो, विणायचाच, टाळू नका. २४ च्या वर थोडे, म्हणजे ३० टाके घाला आणि दोन रंगात कवडी विणून बघा, दहा-बारा सेंटीमीटर उंच. आपलं काम गोल आहे म्हणून नमुन्यातही सगळ्या ओळी सुलटच विणा, ओळ संपली की काम उलटायचं नाही, टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवायचे, धागे मागून सैल सोडून परत उजवीकडं आणायचे आणि पुन्हा सुलट. कडा भोंगळ दिसतील, दिसू देत, आपल्याला मधला भाग मोजायचाय. धुवा, सुकवा, मग १० सेंटीमीटरमध्ये टाके मोजा. माझे २४ येतात आणि ओळी २८. तुमचे २४ आले तर १४४ टाक्यांचा घेर ६० सेंटीमीटर होईल. २२ आले तर ६५ आणि २६ आले तर ५५. दोन धाग्यांचं कापड साध्या विणीसारखं ताणत नाही, त्यामुळं ५५ डोक्यातून घालताना घट्ट जाईल, अशा वेळी एक नंबर जाड सुई घेऊन नमुना परत विणा.

आता हात. दोन धागे धरायच्या दोन पद्धती आहेत, एक म्हणजे दोन्ही उजव्या हाताच्या बोटांवर, दुसरी म्हणजे एक उजव्या हातात अन् एक डाव्या. मला दुसरी बरी वाटते, वेग येतो, पण डाव्या हाताला पहिले आठ दिवस काहीच सुधरत नाही, तेवढा धीर धरा. पद्धत कुठलीही घ्या, एक गोष्ट शेवटपर्यंत बदलायची नाही, ती म्हणजे कुठला धागा मागं वरून जातो आणि कुठला खालून. खालून येणाऱ्या धाग्याचा टाका किंचित मोठा पडतो आणि ठळक दिसतो. म्हणून नक्षीचा धागा नेहमी खालून, तळाचा नेहमी वरून. अर्ध्यात अदलाबदल झाली तर चार्ट बरोबर विणूनही एक पट्टा ठसठशीत आणि दुसरा फिका दिसतो, आणि कारण काही केल्या सापडत नाही. धागे दर वेळी एकमेकांभोवती पिळायचे पण नाहीत, एक वर एक खाली असे समांतर चालू देत, म्हणजे गुंता होत नाही. एक गुंडा उजव्या मांडीशी, एक डाव्या, दोन तांब्यांत ठेवले तर लोळत पण नाहीत.

मागचा धागा किती सैल ठेवायचा, इथं सगळ्यांचं काम बिघडतं. ओढून धरला की पुढं कापड चुण्या पडल्यासारखं आखडतं आणि धुतल्यानं ते सुटत नाही. रंग बदलायच्या आधी उजव्या सुईवरचे शेवटचे पाच-सहा टाके बोटाने नीट पसरवा, जेवढी त्यांची खरी रुंदी आहे तेवढी होऊ द्या, आणि मग मागून दुसरा धागा आणून टाका घ्या. एवढी एक सवय लागली की काम सपाट पडतं. अजून एक युक्ती, काम उलटं करून, म्हणजे मागची बाजू बाहेर ठेवून गोल विणायचं, सुईच्या पलीकडच्या काठावर. धाग्याला बाहेरून फिरावं लागतं, थोडा जास्त लांब जातो आणि आपोआप सैल राहतो. ज्यांचा हात घट्ट आहे त्यांनी हे करून बघाच.

धागा मागं पाच टाक्यांपर्यंत मोकळा गेला तर चालतो, करवतीत पाचच जातो. त्याच्यापेक्षा जास्त असेल तर मधे एकदा त्याला विणणाऱ्या धाग्याखाली अडकवायचा, नाहीतर बोटं आणि अंगठ्या त्यात अडकतात, लहान मुलांच्या कपड्यात तर नक्कीच. अडकवण्याची जागा प्रत्येक ओळीत वेगळी घ्या, एकाच उभ्या रेषेत अडकवला तर पुढून तो रंग डोकावतो.

आता गळ्याचा गोल पट्टा विणूया, म्हणजे गळाबंद, गाडीवर जाताना कामाला येतो. १४४ टाके घाला, तळाच्या रंगात. टाके सुईवर पिळलेले नाहीत ना ते बघा, सगळ्यांची खालची कड आतल्या बाजूला पाहिजे, पिळलेले जोडले तर पुढं काहीच करता येत नाही, उसवावंच लागतं. जोडल्या जागी वेगळ्या रंगाच्या शिवणदोऱ्याचा फास सुईत अडकवा, ती फेरीची सुरुवात, आणि दर २४ टाक्यांवर एकेक साधा फास. असे सहा भाग होतात. प्रत्येक भागाच्या शेवटी नक्षी पूर्ण झाली पाहिजे, नाही झाली तर चूक त्याच २४ टाक्यांत आहे, अख्खी फेरी शोधायची गरज नाही.

खालून वर असं जायचं: २ सुलट २ उलट अशा पट्टीच्या ६ फेऱ्या, मग २ साध्या, सरकवलेली फुली ३, साध्या २, करवत ३, साधी १, कवडी ५, साध्या २, परत कवडी ५, साधी १, मग करवत उलटी, म्हणजे ओळ ३ आधी, मग २, मग १, दात खाली कवडीकडं बघतील असे, मग साध्या २, परत सरकवलेली फुली ३, साध्या २, आणि शेवटी पट्टीच्या ६. एकूण ४६ फेऱ्या, साधारण १६ सेंटीमीटर. साध्या फेऱ्या फक्त तळाच्या रंगाच्या, तेव्हा नक्षीचा धागा खाली लोंबत राहू द्या, दोन फेऱ्यांसाठी तोडायचा नाही. टाके बंद करताना सैल करा, नाहीतर वरची कड आवळते.

जिथं फेरी सुरू होते तिथं नक्षी एका ओळीनं वर सरकल्यासारखी दिसेल. ती चूक नाही, गोल विणणं म्हणजे जिन्यासारखं वर चढत जाणं, तिथं पायरी पडणारच. ती बाजू मागं ठेवून घाला.

आणि विणून झाल्यावर एखादा टाका चुकीच्या रंगाचा दिसला तर उसवू नका. जाड सुईत बरोबर रंगाचा धागा ओवा आणि त्या टाक्याच्या वरूनच, त्याच्याच वाटेनं इंग्रजी व्ही काढल्यासारखा भरा. खालचा टाका पूर्ण झाकतो. एक-दोन टाक्यांची चूक असेल तर मी अजूनही असंच करते.

धाग्यांची टोकं मागं त्याच रंगाच्या टाक्यांमागून फिरवून घ्या, कोमट पाण्यात थोडा शाम्पू टाकून दहा मिनिटं बुडवून ठेवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. मग सावलीत चटईवर आडवा पसरवा आणि हाताने ओढून सारखा करा, दोरीवर टाकला तर लांबतो, आणि आपल्याकडचं ऊन थंडीतही रंग उडवतं. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री अजिबात फिरवू नका, धागा मरतो, लुळा पडतो आणि परत कधीच उठत नाही. सुकेपर्यंत आमच्याकडं एक दिवस लागतो, तेवढ्यात पट्ट्या काढून पुढच्या टोपीची मांडणी करून ठेवा, १२० टाके, कवडी तीच, फक्त करवतीच्या जागी दुसरं काहीतरी.